कौसल्या, कैकेयी आणि कोकी

नर्गिसचा जन्म १ जून १९२९ चा आणि सुनील दत्तचा ६ जून १९२९ चा. म्हणजे १९५७ च्या 'मदर इंडिया'त जी आई आपल्या बिरजूवर गोळी झाडते, ती त्याच्यापेक्षा पाच दिवसांनी मोठी आहे. पुढे त्या दोघांचं लग्न झालं, मुलगा झाला, तो नट झाला. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये त्या मुलावर, म्हणजे संजय दत्तवर, पडद्यावरची आई पुन्हा पिस्तूल चालवते. ही आई त्याच्यापेक्षा तेरा महिन्यांनी मोठी. तिचं नाव रीमा लागू.

हा योगायोग मला बरेच दिवस छळतो आहे. नर्गिसचं एक वेळ समजू शकतं. 'मदर इंडिया'त ती नवी नवरी म्हणून येते आणि आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होते. आयुष्यभराची गोष्ट सांगायची तर एकाच बाईने सगळी वयं करणं आलंच. रीमाच्या वाट्याला मात्र ती आधीची वयं पडद्यावर आलीच नाहीत. ती थेट माजघरातूनच प्रवेश करते. (तिच्याविषयी एकेरीत लिहितो आहे. नाटकवाल्यांविषयी आपण घरात असेच बोलतो, त्यात अनादर नाही.)

मूळची ती नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरची अभिनेत्री, शाळा पुण्याची हुजूरपागा. विवेक लागूंशी लग्न झाल्यावर नयनची रीमा लागू झाली. आणि बरीच वर्षं तिने युनियन बँकेत नोकरी केली.

या नोकरीपाशी जरा थांबायला हवं. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे नाट्यसंस्थांची नावं देतात, शासनाच्या स्पर्धेचं श्रेय देतात, पण बँकांचे आभार मानायचे विसरतात. अशोक सराफ स्टेट बँकेत, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, शिवाजी साटम सेंट्रल बँकेत. आंतरबँक नाट्यस्पर्धा हा त्या काळच्या मुंबईतला एक जिवंत प्रकार होता. दिवसभर लेजर आणि संध्याकाळी तालीम. महिन्याच्या पगाराची हमी असली की नट वाईट भूमिकेला नाही म्हणू शकतो, हे साधं अर्थशास्त्र त्यामागे होतं. 'वास्तव'मध्ये रघूचे वडील शिवाजी साटम आहेत आणि आई रीमा. गँगस्टरचे आईबाप दोघेही बँकवाले. त्या घरातला हिशेबीपणा, महिनाअखेरीची ती चेहऱ्यावरची आवळलेली शिस्त त्यांना कुणी शिकवावी लागली नसणार.

तर ही बँकेतली मुलगी रंगमंचावर काय करत होती? जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये, विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली, नाना पाटेकरच्या गुलाबरावासमोर ती अंबिका होती. पुढाऱ्याने बलात्कार केलेली शिक्षिका. कोर्ट, पक्ष, घर सगळ्यांनी हात झटकल्यावर ही बाई त्या माणसाचं पुरुषपणच कापून टाकते. शेखर ताम्हाणेंच्या 'सविता दामोदर परांजपे'मध्ये ती कुसुम होती, एका मेलेल्या बाईने झपाटलेली गृहिणी. एकाच देहात दोन बायका, एक सोशिक आणि एक सूड मागणारी. अशा भूमिका करणाऱ्या नटीला आपण काय म्हणू? धोकादायक. प्रेक्षकाला खुर्चीत नीट टेकू न देणारी. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये, मग 'आक्रोश' आणि 'कलयुग'मध्ये ती छोट्या भूमिकांत दिसलीही. समांतर सिनेमाच्या दारात ती वेळेवर पोचली होती.

मग १९८८ साली 'कयामत से कयामत तक' आला. जुही चावलाची आई झाली तेव्हा रीमाची तिशीही पुरी झाली नव्हती. पुढच्या वर्षाच्या अखेरीस 'मैंने प्यार किया'. सलमान चोवीस वर्षांचा, आई एकतीस.

याचा दोष सहसा 'इंडस्ट्री'वर ढकलून लोक मोकळे होतात. मला त्यामागे एक वेगळीच भानगड दिसते. सत्तरच्या दशकातला नायक पोक्त होता. 'दीवार' आला तेव्हा अमिताभ बत्तीस वर्षांचा होता, शशी कपूर छत्तीसचा. आई झालेल्या निरुपा रॉय चव्वेचाळीसच्या होत्या, आणि पिकलेले केस, पांढरं लुगडं, डोक्यावर विटा वाहणं यातून त्या साठीच्या वाटत. ऐंशीचं दशक संपता संपता हा संतापलेला नायक थकला आणि त्याच्या जागी कॉलेजातला मुलगा आला. मुलगा विशीतला झाला, तशी आईही हिशेबाने चाळिशीत आली. गरिबीही पडद्यावरून गेली. शिवणयंत्राची जागा भल्यामोठ्या स्वयंपाकघराने घेतली. आता आई विधवा नव्हती, तिचा नवरा हयात होता, ती त्याची थट्टा करत होती, मुलाच्या प्रेमप्रकरणात डोळा मारून सामील होत होती. अशी आई करायला जुन्या आया चालेनात, त्यांच्या पदरालाच अश्रूंचा वास होता. हवी होती एक तरुण, हसरी, तरीही घरंदाज वाटणारी बाई. रीमा तिथे अगदी फिट्ट बसली.

इथवर तक्रार करण्यासारखं काही नाही. उलट तिने त्या भूमिकेत जे केलं ते नवीन होतं. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते ऐकणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर उमटायला लागतं. हे रंगभूमीचं ऐकणं आहे. आपलं वाक्य नसताना मंचावर कसं उभं राहायचं, हे ज्याला कळतं त्यालाच क्लोजअपमध्ये गप्प बसता येतं. पण पुढे काय झालं? नायकांचं वय वाढलं आणि ते नायकच राहिले. आई मात्र एकदा आई झाली की झाली. चाळीस वर्षांच्या संजय दत्तला एक्केचाळीस वर्षांची आई लागते ती अशी.

रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण तर याहून टोकाचं. 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभच्या आई आहेत आणि अमिताभपेक्षा साडेआठ वर्षांनी लहान. त्याआधी १९८४ च्या 'सारांश'मध्ये त्या आणि अनुपम खेर शिवाजी पार्कजवळचं म्हातारं मराठी जोडपं झाले होते. खेर तेव्हा तिशीच्या आत, रोहिणी तेहतीसच्या. दोघांचंही काम थक्क करणारं. खेरांना दोनच वर्षांत 'कर्मा'चा डॉक्टर डँग मिळाला, मग विनोद, मग बाप, मग काहीही. त्यांच्यासाठी म्हातारपण हा पराक्रम ठरला. रोहिणींना 'चालबाज'सारखा खाष्ट अपवाद मिळाला खरा, पण हिंदीने त्यांना मुख्यतः मुलंच दिली. आपणही याला अपवाद नाही. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी त्रेचाळिसाव्या वर्षी 'नटसम्राट'मधला अप्पा बेलवलकर उभा केला, तेव्हा आपण त्यांना आयुष्यभराचं वार्धक्य बहाल केलं नाही. नट म्हातारपण अंगावर घेतो आणि प्रयोग संपला की उतरवून ठेवतो. नटीने एकदा केसांना पांढरं लावलं की ते धुऊन निघत नाही.

रीमाला सहायक अभिनेत्रीसाठी चार वेळा फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. हळहळ वाटते ती हिंदी सिनेमाने तिला चिडू दिलं नाही याची. आणि ते काम केलं टेलिव्हिजनने.

दूरदर्शनवर ती 'खानदान'पासूनच होती, पण १९९४ च्या सुमारास दोन मालिका आल्या. 'श्रीमान श्रीमती'मध्ये ती कोकिळा कुलकर्णी, कोकी. जतीन कनाकियाचा केकू शेजारच्या नटीवर लाळ गाळतो आणि शेजारचा दिलरुबा कोकीवर. म्हणजे याच वर्षी जी बाई 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरीची सोज्वळ आई आहे, तिच्यावर इथे एक गृहस्थ उघडपणे भाळलेला आहे, आणि ते कुणालाही खटकत नाही. सिनेमात जे अशक्य ते टीव्हीच्या अर्ध्या तासात सहज घडत होतं. 'तू तू मैं मैं'मध्ये सचिन पिळगावकरांनी तिला सासू केलं. सून सुप्रिया, नऊ वर्षांनी लहान. पण ही सासू डोळे गाळणारी नव्हती. ती टोमणे मारायची, डाव टाकायची, हरली की रुसायची आणि पुन्हा उभी राहायची. आमच्या घरी ही मालिका लागली की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची आणि रीमाने भुवई उडवली की म्हणायची, "बघ, आता ही बोलणार नाही, आणि तेच जास्त लागेल." तो विनोद शब्दांपेक्षा थांबण्यात होता. व्यावसायिक नाटकात हशा कुठे संपतो आणि पुढचं वाक्य कुठे टाकायचं हे रोज रात्री शिकावं लागतं. ती शिकवणी तिने कॅमेऱ्यासमोर वापरली.

सिनेमानेही एकदा तिला मोकळं सोडलं, एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी. 'मैंने प्यार किया'मधल्या तिच्या पात्राचं नाव कौसल्या होतं. दहा वर्षांनी त्याच सूरज बडजात्यांनी 'हम साथ साथ हैं'मध्ये तिला कैकेयी केलं. नाव ममता, पण कान भरणाऱ्या मैत्रिणी तिच्या मंथरा आणि सावत्र थोरल्या मुलाला घराबाहेर काढणारी तीच. चित्रपट तिला शेवटी अर्थातच पश्चात्ताप करायला लावतो. बडजात्यांच्या घरात कैकेयीलाही हलवा वाटावाच लागतो. तरी मधल्या रिळांत, आपल्या मुलांचा वाटा मागताना तिच्या चेहऱ्यावर जो कोरडेपणा येतो, तो कौसल्येच्या दहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता. गंमत अशी, की घराबाहेर काढलेला तो मोहनीश बहल त्याच वर्षी 'वास्तव'मध्ये तिचा सरळमार्गी मुलगा आहे. वय विचाराल तर आईपेक्षा तीन वर्षांनी लहान.

'वास्तव'मध्ये महेश मांजरेकरांनी तिला कथाच देऊन टाकली. चित्रपट समुद्रकिनाऱ्यावर सुरू होतो. रघूच्या श्राद्धाचे विधी चालले आहेत आणि आजी नातवाला त्याच्या बापाची गोष्ट सांगते. म्हणजे हा गँगस्टरपट एका आईच्या तोंडून येतो. शेवटी पोरगा भीतीने सैरभैर होऊन सुटका मागतो आणि ती ती देते. नर्गिसची राधा गोळी झाडते ती गावाच्या अब्रूसाठी. रीमाच्या आईपुढे गाव नाही, न्याय नाही, फक्त एक कण्हणारं पोर आहे. तिथे मला 'पुरुष'मधली अंबिका आठवते. सगळी दारं बंद झाल्यावर हत्यार हातात घेणारी बाई रंगमंचावर तिने फार आधी केली होती. हिंदी सिनेमाला तिथवर पोचायला आणखी काही वर्षं लागली, इतकंच.

नाटक तिने सोडलं नाही. 'सासू माझी ढांसू' झालं, मुक्ता बर्वेबरोबर 'छापा काटा' झालं. पण नाटक विरून जातं आणि सिनेमा दर रविवारी दुपारी पुन्हा लागतो. म्हणून ज्यांनी तिची कुसुम पाहिली ते मोजके राहिले आणि ज्यांनी तिचा गाजर का हलवा पाहिला ते कोट्यवधी झाले. २०१८ साली 'सविता दामोदर परांजपे'वर मराठी चित्रपट आला, त्यात कुसुम अर्थातच दुसऱ्या अभिनेत्रीने केली. तोवर रीमा हयात नव्हती.

१८ मे २०१७ ला ती गेली, अठ्ठावन्न वर्षांची. बातम्यांमध्ये सगळीकडे एकच ओळ होती, पडद्यावरची लाडकी आई गेली. त्या आठवड्यात ती ज्या मालिकेचं चित्रीकरण करत होती तिचं नाव 'नामकरण'. त्यात ती दयावंती मेहता होती, नातीच्या आयुष्यात विष कालवणारी कारस्थानी आजी. थोड्याच दिवसांत ती भूमिका रागिणी शाह करू लागल्या आणि मालिका पुढे चालू राहिली.