कागदावरचं वय

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा श्रावणात, आजोळी. दुसऱ्यांदा एक जूनला, मराठी शाळेच्या पडवीत. पहिल्या जन्माला आई, सुईण आणि त्याच दिवशी व्यालेली म्हैस एवढे साक्षीदार होते. दुसऱ्याला फक्त हेडमास्तर. त्यांनी मला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, कान हाताला लागला, आणि त्यांनी रजिस्टरात एक जून ठोकून दिला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचाच. त्या एका टाकाच्या फटकाऱ्यानं मी चौदा महिन्यांनी मोठा झालो.

या घाईनं आलेल्या चौदा महिन्यांची किंमत पुढे मोजावी लागली. एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे ३१ मेला आमच्या कचेरीत निरोपसमारंभाची पंगतच बसते. मलाही अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ मिळालं, आणि वेळेशी ज्याचा संबंध संपला त्या माणसाला देतात तसं भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्या दिवसापासून मी एक वाक्य शिकलो : ‘आता वय झालं.’ फार गुणी वाक्य. सोसायटीची मीटिंग असो, लग्नाच्या पत्रिका वाटणं असो, त्यानं सगळं टळतं. परवा शेजारच्या वहिनी दारात आल्या. नाना अर्धांगानं वर्षभर अंथरुणावर. म्हणाल्या, “भाऊजी, दुपारी दोन तास त्यांच्यापाशी बसाल का? मला जरा पाठ टेकता येईल.” मी म्हटलं, “आलो असतो हो वहिनी, पण आता माझंही वय झालं.” त्या “खरंच की” म्हणून परत गेल्या.

त्याच आठवड्यात नातीनं फोनवर एक इंग्रजी गाणं लावलं. माझी धाव नाट्यसंगीतापर्यंत. जॅझ म्हणजे वाद्यं जुळायच्या आधीच सुरू केलेलं गाणं, अशी माझी समजूत. पण हा आवाज निराळा होता. जाड, थोडा खरखरीत, ओट्याशी उभं राहून चाळीतली भानगड सांगावी तसा. पडद्यावर मोठाले डूल घातलेली एक म्हातारी हसत होती. नात म्हणाली, “आजोबा, ही ऐंशीच्या पुढची आहे. वयाबद्दल खोटं बोलून नर्स झाली होती.” मी चष्मा लावला.

बाईचं नाव अल्बर्टा हंटर. जन्म मेम्फिसचा, १ एप्रिल १८९५. म्हणजे तारीखच फसवाफसवीची! कोवळ्या वयात घरातून पळून शिकागोला गेली. दिवसा बटाटे सोलायचे आणि रात्री गाण्याच्या अड्ड्यांची दारं ठोठवायची. चांगल्या घरच्या माणसानं नाव घेऊ नये अशा जागी तिचं गाणं सुरू झालं, आणि तिथून ती किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाबरोबर गाण्यापर्यंत पोचली. ती गाणी रचायचीही. लव्ही ऑस्टिन या पियानोवादिकेबरोबर केलेलं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ तिनं १९२२ साली रेकॉर्ड केलं, आणि पुढच्याच वर्षी ते बेसी स्मिथच्या आवाजात लाखांनी खपलं. मधल्या माणसानं हक्क परस्पर विकल्यामुळे हंटरबाईंच्या पदरात पडले ३६८ डॉलर. कागदपत्रं अर्थातच व्यवस्थित होती. पुढे १९२८ साली लंडनच्या ‘शो बोट’मध्ये पॉल रोबसनबरोबर काम केलं, युरोप पालथा घातला, महायुद्धात सैनिकांसमोर गायली.

आणि मग आई गेली. बाईनं गाणं गुंडाळून ठेवलं आणि ठरवलं, नर्स व्हायचं. वय एकसष्टीच्या घरात. आमच्याकडे त्या वयात माणूस शांत करून घेतो. तिनं वयातली बारा वर्षं खाली उतरवली, शाळा पुरी केल्याचं सर्टिफिकेटही मनानंच तयार केलं, शिक्षण घेतलं आणि न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलात रुजू झाली. १९६१ साली थोडं रेकॉर्डिंग केलं, पण नोकरी सोडली नाही. वीस वर्षं भांडी दिली, अंथरुणं बदलली. १९७७ साली हॉस्पिटलनं सांगितलं, “बाई, तुमची सत्तरी झाली, आता घरी बसा.” बाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती.

घरी बसते कुठली! त्याच साली ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘द कुकरी’ या हॉटेलात ती पुन्हा गायला उभी राहिली. काही आठवड्यांचा करार होता. तो सहा वर्षं चालला. ‘रिमेम्बर माय नेम’ या सिनेमासाठी गाणी केली, १९७८ साली व्हाइट हाउसमध्ये कार्टरसाहेबांपुढे गायली. १९८४ साली एकोणनव्वदाव्या वर्षी गेली.

हे सगळं मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं. तिथे एक निवृत्त हेडमास्तर आहेत. (एक जूनवाले नव्हेत, दुसरे.) ते म्हणाले, “खोटं ते खोटं. तिच्या जागी एखादी गरजू पोरगी लागली असती. आणि ऐंशीच्या बाईच्या हातून रोगी सुटून पडला असता तर?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही. रोगी पडला नाही म्हणून नियम चुकीचा ठरत नाही. तरी मी म्हटलं, “मास्तर, धर्मराज एकदाच खोटं बोलला, ते म्हाताऱ्या गुरूचा जीव घ्यायला. ही बोलली ती म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला. याला काहीच हिशेब नाही?” मास्तर म्हणाले, “रथ तिचाही खाली टेकणारच.” मग जरा थांबून म्हणाले, “पण ती त्यातून उतरून चालत गेली असती म्हणा.”

रात्री मला झोप लागेना. खोटं बोलून माणसं सहसा काम टाळतात किंवा पैसा मिळवतात. भार दुसऱ्यावर पडतो. या बाईनं खोटं बोलून भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. आणि मी? दाखल्यातला एक जून साफ खोटा, पण तो मास्तरांचा. ‘आता वय झालं’ हे अक्षरन्‌अक्षर खरं, आणि ते माझं. इतकं खोटं मी चौतीस वर्षांत टी. ए. बिलातही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांकडे गेलो. वहिनींना वाटलं, साखर मागायला आलो. मी म्हटलं, “तुम्ही पडा जरा.” नाना माझ्याकडे बघत राहिले, मी नानांकडे. पहिल्या दिवशी पाण्याचा पेला धरताना माझाच हात त्यांच्यापेक्षा जास्त थरथरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या ओठानं विचारलं, “किती झालं तुमचं?” मी चौदा महिने कमी सांगितले. आयुष्यात प्रथमच खरं वय सांगितलं, आणि तेच खोटं वाटलं.

ते भिंतीवरचं घड्याळ आता नानांच्या खोलीत लावलंय. दोन वाजले की मी जातो, चार वाजता वहिनी उठतात. बिचाऱ्याला एकदाचं काम मिळालं.