खरेदीखतांतून उलगडणारी वंशावळ

शेतकरी घराण्याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकाला बखरी किंवा सरदारी दप्तरे मिळत नाहीत. त्याची सारी भिस्त खरेदीखते, मृत्युपत्रे, कराच्या याद्या आणि कोर्टातील दावे यांवर असते, म्हणजे ज्यांचा हेतू कुळाची हकिकत सांगण्याचा कधीच नव्हता अशा कागदांवर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या घराण्याचा शोध या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य असताना, १८४८ मध्ये, लिंकन यांनी मॅसॅच्युसेट्समधील हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन यांच्याशी आपल्या कुळाविषयी पत्रव्यवहार केला. परंतु १८५९ मध्ये लिहिलेल्या छोटेखानी आत्मवृत्तात त्यांना एवढेच नोंदवता आले, की मॉर्डेकाय, लेवी, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या साम्यापलीकडे तो शोध सरकला नाही.

नावांचे ते साम्य योगायोगाचे नव्हते, हे पुढे संशोधकांनी कागदोपत्री सिद्ध केले. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातून १६३७ मध्ये आलेला विणकराचा उमेदवार सॅम्युएल लिंकन हिंगमला स्थायिक झाला. त्याचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियातील बर्क्स परगण्यात गेला. मॉर्डेकायचा मुलगा जॉन १७६८ मध्ये व्हर्जिनियातील लिनव्हिल क्रीक या ओढ्याकाठी शेती घेऊन राहिला. आणि जॉनचा मुलगा अब्राहम, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे आजोबा, १७८२ च्या सुमारास केंटकीत उतरला. जमीन वाटून वाटून अपुरी पडू लागली की पुढच्या पिढीने पश्चिमेकडील स्वस्त जमीन गाठायची, हा त्या काळातील शेतकऱ्यांचा सर्रास शिरस्ता होता.

या साखळीतील १७८६ हे साल मात्र निराळे आहे. त्या वर्षी शेतात काम करीत असताना आजोबा मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होती आणि तेथे ज्येष्ठाधिकाराचा कायदा, म्हणजे मृत्युपत्र नसल्यास सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा नियम, अजून लागू होता. तो रद्द करणारा कायदा संमत झालेला असला, तरी १ जानेवारी १७८७ पासून अमलात यायचा होता. साहजिकच इस्टेट मॉर्डेकाय नावाच्याच थोरल्या मुलाकडे गेली, आणि आठ वर्षांच्या धाकट्या थॉमसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या वडिलांच्या, वाट्याला दुसऱ्यांकडे राबणे आले. राष्ट्राध्यक्षांच्या बालपणातील दारिद्र्याचे मूळ शोधणाऱ्याने थॉमसच्या स्वभावाकडे वळण्यापूर्वी या तारखेकडे पाहायला हवे.

थॉमसला पुढे नडली ती केंटकीतील जमीनमोजणी. तेथे सरकारी मोजणी आधी झालेली नसल्यामुळे प्रत्येक जण झाड, ओढा, दगड अशा खुणांनी चतुःसीमा सांगून आपला तुकडा नोंदवीत असे, आणि एकाच जमिनीवर दोन-तीन दावे चढत. १८०३ मध्ये २३८ एकर म्हणून घेतलेले मिल क्रीकचे शेत १८१४ मध्ये २०० एकर म्हणूनच विकावे लागले, तर नॉब क्रीकच्या शेतावर फिलाडेल्फियातील वारसांनी बेदखलीचा दावा लावला. ओहायो नदीपलीकडच्या इंडियानात १७८५ च्या भूमी अध्यादेशानुसार जमीन आधीच चौरसांत आखलेली होती. ६४० एकरांच्या एका चौरसाला सेक्शन म्हणत, आणि तो थेट सरकारकडून घेता येई. १८१६ च्या अखेरीस थॉमस तिकडे गेला तो मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या कटकटीमुळे आणि काही अंशी गुलामगिरीमुळे, असे पुत्रानेच लिहून ठेवले आहे. आळशी आणि भटक्या म्हणून रंगवला गेलेला हा बाप संशोधक लुईस वॉरन यांनी १९२६ मध्ये कराच्या याद्या आणि कोर्टाची दप्तरे धुंडाळली तेव्हा कर भरणारा, ज्यूरीत बसणारा, चारचौघांसारखा शेतकरी निघाला.

कागदांनी थॉमसला न्याय दिला, पण त्याच कागदांची नजर जमिनीपुरतीच असते. नॅन्सी हँक्स या त्याच्या पत्नीच्या नावावर शेत नव्हते, म्हणून तिच्या माहेराविषयीचा वाद पिढ्यान्पिढ्या चालला. शॉनी या मूलनिवासी लोकांची गोष्ट याहून कठीण आहे. १७६८ मध्ये, जॉन लिंकन व्हर्जिनियात आला त्याच वर्षी, फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वा या दुसऱ्या मूलनिवासींच्या संघाने ओहायोच्या दक्षिणेकडील प्रदेशावरचा हक्क इंग्रजांना सोडून दिला. ते शॉनींचे शिकारीचे रान होते आणि त्यांनी हा व्यवहार मानला नाही. १७८६ चा हल्ला लिंकन घराण्याच्या आठवणीत अचानक कोसळलेले संकट म्हणून राहिला, तथापि तहाचा कागद आणि केंटकीतील खरेदीखते शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो अठरा वर्षे धुमसत असलेल्या जमिनीच्या तंट्यातील एक प्रसंग म्हणूनच वाचावा लागतो.