स्पष्टता आणि यथार्थता

सेगा कंपनीनें १९८८ सालीं जपानांत विक्रीस आणलेलें मेगा ड्राइव्ह हें व्हिडिओ गेमचें यंत्र आजच्या टेलिव्हिजनला जोडणारे रसिक एकच ध्येय पुढें ठेवितात : चित्र स्पष्ट दिसावें. ही अपेक्षा रास्तच आहे. यंत्र सुमारें २४० रेषांचें संपूर्ण चित्र पाठवितें. नवा संच पुष्कळदां तें अर्धेंच समजून पुढच्याशीं सांधूं जातो, आणि हलतें चित्र विस्कटतें. मधें रेषा दुप्पट करणारें उपकरण बसवून हा दोष काढणें म्हणजे मूळ कृतीला न्याय देणेंच होय.

परंतु तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या तारांनीं नेले कीं निराळाच प्रश्न उभा राहतो. १९९१ च्या 'सॉनिक द हेजहॉग' या खेळांतील धबधबा एकाआड एक उभ्या रेषांनीं रेखाटला आहे. सर्व रंग एकाच तारेंत मिसळणाऱ्या जुन्या जोडणींत त्या रेषा एकमेकींत विरघळत, आणि पाणी पारदर्शक भासे. नव्या स्पष्टतेंत नुसत्या पट्ट्या उरतात. मग खरें चित्र कोणतें? यंत्रानें घडविलेलें, कीं पाहणाराच्या डोळ्यांत उमटलेलें?

आमच्या मतें, जी उणीव कृतीच्या आड येते ती अवश्य दूर करावी. पण जिच्या आधारावर कृति उभी आहे, तिला उणीव म्हणूं नये. जुन्या वस्तूंचा जीर्णोद्धार करणारानें हा विवेक आधीं करावा. नाहींतर सुधारणेच्या भरांत मूळच पुसलें जावयाचें.