आधी पुसून कोरडा कर

चहा नंतर. आधी तो दगड पाण्यातून काढ, फडक्याने कोरडा पूस आणि इकडे खिडकीशी ये. ओल्या दगडाची चमक मला दाखवू नकोस. ओली केली की रस्त्यावरची खडीसुद्धा चमकते. परवा तू मोबाइलवर धाडलेला फोटोही ओल्या दगडाचाच होता, मी तेव्हाच ओळखलं.

आता उजेडात तिरपा धर. दिसल्या रेघा? हे भिंग घे, नीट बघ. या जाड, नांगरल्यासारख्या चरा ८० नंबरच्या घासकागदाच्या. दोन चरांच्या मधला भाग तेवढा गुळगुळीत झालाय, तो १००० च्या कागदाने. म्हणजे ८० ने घासलंस, मनगट दुखायला लागलं आणि तिथून थेट १००० वर उडी मारलीस. वर मला सांगतोस, 'बाई, दगडच खराब निघाला.' गोदावरीच्या पात्रात कुणास ठाऊक किती वर्षं गडगडत आलेला अकीक खराब, आणि दोन रविवारांत कंटाळलेला तू शहाणा! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

८० च्या कागदावरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा असतो, १००० वरचा १८ च्या आसपास. चर काही बुजवता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा दगड तिच्या तळापर्यंत उतरवावा लागतो, तेव्हा ती जाते. ते काम तू १००० ला सांगितलंस. घमेल्याने उपसायची माती चमच्याने उपसत बसलास, मग हात भरून येतील नाही तर काय होईल?

मधले १२०, २२०, ४००, ६०० दुकानदाराने खप वाढावा म्हणून काढलेले नाहीत. आधीच्या कागदाच्या रेघा घालवायच्या, एवढंच प्रत्येकाचं काम. ८० उभा चालवलास तर १२० आडवा चालव, आणि उभी एकही रेघ दिसेनाशी झाली की मगच २२० ला हात लाव. दिसेनाशी म्हणजे कोरड्या दगडावर, भिंगातून. कागद बदलताना दगड धू, हात धू, नखंसुद्धा घास. नखात अडकलेला ८० चा एक कण ६०० च्या कागदावर पडला की तासाभराची मेहनत पाण्यात. तुझी बादली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होती ना? वाटलंच.

आणि कागदाची पाठ वाचलीस का? आकड्याआधी 'पी' छापलंय की नाही? पी ६०० चा कण सुमारे २६ मायक्रॉनचा, अमेरिकी मोजणीतल्या साध्या ६०० चा सुमारे १६. तो जवळजवळ पी १२०० इतका बारीक. दोन दुकानांतून दोन जातींचे कागद आणलेस आणि आकडे तेवढे चढत्या क्रमाने लावलेस, तर पुढे जातोय असं वाटतं आणि माणूस मागे आलेला असतो.

हे झालं नंतरचं. सुरुवात कशाने केलीस ते मघाशी हळूच सांगून टाकलंस, पण मी ऐकलं. सुताराकडचा उरलेला काचकागद! अरे, काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास, अकीकाचा साडेसहा ते सात. अकीक काचेवर ओरखडा काढतो, हे याच टेबलावर तुमच्या वर्गाला करून दाखवलं होतं. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली खनिजांची ती दहा पायऱ्यांची उतरंड मांडली. तुम्ही ती परीक्षेपुरती घोकलीत आणि दुकानात जाताना घरी ठेवून गेलात. दगडाला झिजवायचं तर त्याच्याहून कठीण काहीतरी लागतं. अकीकाला काळा वॉटर पेपर घे, सिलिकॉन कार्बाइडचा, कठीणपणा नवाच्या वर. कृत्रिम हिरा करायला निघालेल्या एडवर्ड ॲचेसन यांच्या हाती हिऱ्याऐवजी हे लागलं आणि १८९३ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्याचा कण तुटला की नवी धारदार कड पुढे येते, म्हणून तो कापत राहतो. खर्च करायची तयारी असेल तर फरशीवाले वापरतात ते डायमंड पॅड घे. पण तेही पाण्यातच, आणि हातानेच. ओल्या हाताने विजेच्या यंत्राशी खेळायचं नाही.

खिशातून काय काढतोयस? स्टिलबाइट! खाणीतून एवढा सुंदर निघालेला, मोत्यासारखी झाक असलेला स्फटिक, आणि तू त्याला कागद लावलास? कठीणपणा जेमतेम साडेतीन ते चार, आणि त्यात हा पापुद्र्यांनी सुटतो. बघ, इथे ढलपा उडालाय. साधं चाकूचं पातं एका कोपऱ्यावर टेकवून पाहिलं असतंस तर कळलं असतं. अकीकावर पातं घसरतं, यात रुततं. आपल्या दख्खनच्या खडकातले हे झिओलाइट बघायला जगभरचे लोक धडपडतात. या स्फटिकांना जन्मतःच पैलू असतात, घासून मिळणार काय? हा घासायचा दगड नाही. तो काळा बेसाल्टही बाजूला ठेव, त्याला भोकं आहेत, आरसा व्हायचा नाही.

चमक. त्यासाठी गाडीचं पॉलिश चोपडलंस. ते रंगावरच्या मेणाचं काम, गारगोटीच्या जातीचं नव्हे. काचवाले वापरतात ती सिरियम ऑक्साइडची पूड आण, पाण्यात ताकाएवढी दाट कालव, नमद्यावर किंवा चामड्यावर घेऊन चोळ. पण १२०० च्याही पुढे जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद दिसायला लागल्याशिवाय नाही. आज या दगडावर ती लावलीस तर चरा तेवढ्या चकचकीत होतील.

इथवरचं सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण बाल्कनीत मिनी ग्राइंडर लावून अकीक कोरडा घासलास, तोंडाला रुमाल बांधून? आणि आतल्या खोलीत तुझी लेक झोपलेली? हा दगड म्हणजे सिलिका. डोळ्याला दिसते ती धूळ खाली बसते. दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. रुमालाने ती अडत नाही. गुजरातमधल्या खंबातचा अकीक जगभर गेला, आणि तो घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस झाला. काम घराघरात चालायचं, त्यामुळे धूळ घरच्यांच्याही छातीत गेली. मध्य प्रदेशातल्या मंदसोरच्या पाटीपेन्सिल कामगारांचंही तेच. या रोगावर औषध नाही. फुप्फुसाला पडलेले व्रण पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. तू कशासाठी, टेबलावर ठेवायच्या एका दगडासाठी?

ते यंत्र घरी गेल्यावर खोक्यात घाल. घासायचं ते पाण्यात, आणि बाल्कनीची फरशी आज ओल्या फडक्याने पुसून घे, झाडू लावू नकोस. वाळलेली धूळ पुन्हा उडते. खालचा गाळही सिंकमध्ये ओतायचा नाही, नळीत बसून घट्ट होतो. बादलीत बसू दे, वरचं पाणी काढ, गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाक.

आता चहा घे. स्टिलबाइट माझ्याकडे राहील. अकीक घेऊन जा, १२० पासून परत धर, सपाट बाजूसाठी कागदाखाली जाड काच घे. पुढच्या रविवारी ये. फोटो पाठवू नकोस, दगड घेऊन ये, आणि कोरडा आण.