परतीचे तिकीट

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु अनुभवांचा साठा वाढणे आणि शहाणपण येणे या दोन भिन्न गोष्टी होत. पुष्कळ देश पाहून जसेच्या तसे परत आलेले प्रवासी आपण नित्य पाहतो. प्रवासी आणि नगरवासी यांच्यातला खरा भेद कोणता, याचा विचारच त्यांनी केलेला नसतो. वेष, भाषा, आहार हे भेद वरवरचे आहेत. खरा भेद असा की, प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते. नगरवाशाला जेथे दिवस काढावे लागतात, तेथून प्रवासी वाटेल तेव्हा निघून जाऊ शकतो. या निघून जाण्याच्या शक्तीमुळे त्याच्यावर काही ऋण चढते काय? हा प्रश्न विचारण्यास रवांडा देशाची राजधानी किगाली हिच्याइतके योग्य स्थळ मला दुसरे ठाऊक नाही.

किगाली हे टेकड्यांच्या उतारांवर वसलेले शहर आहे. १९०७ साली रिखार्ड कांट या जर्मन अधिकाऱ्याने येथे ठाणे घातले आणि १९६२ साली देश स्वतंत्र झाल्यावर हे गाव राजधानीच्या पदास चढले. विषुववृत्त जवळ असूनही सुमारे १५०० मीटर उंचीमुळे येथील हवा सौम्य आहे. पण प्रवाशाच्या डोळ्यांत प्रथम भरते ती येथील स्वच्छता. प्लास्टिकच्या पिशव्यांना २००८ पासून बंदी आहे. आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ नावाच्या सामुदायिक श्रमासाठी नागरिक झाडू-फावडी घेऊन बाहेर पडतात. मुंबई-पुण्याचे रस्ते आठवून आपला प्रवासी तोंडात बोट घालतो आणि ‘शिस्त असावी तर अशी!’ असे उद्गार काढतो. तथापि याच शहरात फेरीवाले, भिकारी व निराधार मुले यांना रस्त्यावरून उचलून गिकोंडो येथे डांबण्यात आल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने आपल्या अहवालांत नमूद केले आहे. स्वच्छतेचे कौतुक करू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या शिस्तीची किंमत आपणांस द्यावी लागत नाही, तिची स्तुती फार सवंग असते, एवढे प्रवाशाने ध्यानात ठेवावे.

स्तुतीप्रमाणे करुणाही सवंग होऊ शकते. गिसोझी टेकडीवर २००४ साली उघडलेले स्मारक आहे. तेथे अडीच लाखांहून अधिक मृतांना माती दिलेली आहे. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि पुढील सुमारे १०० दिवसांत या लहानशा देशात ८ लाखांवर माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य तुत्सी होती. स्मारकात बालकांचे एक दालन आहे. प्रत्येक मुलाचे छायाचित्र आणि खाली त्याचे आवडते खाणे, आवडता खेळ असा दोन-चार ओळींचा मजकूर. तेथून बाहेर पडणाऱ्याचे डोळे कोरडे राहत नाहीत. पण डोळे पुसता पुसता तो मनाशी काय म्हणतो? ‘हे रानटी लोकांचे जुने वैर, असले प्रकार येथेच व्हायचे.’ या एका वाक्याने त्याची करुणा वाया जाते. कारण ते वाक्य खरे नाही. हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, टेकड्या एक, प्रार्थनामंदिरेही एकच. माणसाची जात ओळखपत्रावर कायमची छापण्याची प्रथा १९३० नंतरच्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी पाडली; १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच पत्र पाहून कोणी मरावे हे ठरले. द्वेष पसरविण्याचे काम रेडिओने केले. कचेरी, छापखाना आणि ध्वनिक्षेपण ही रानटीपणाची साधने नव्हेत; ती सुधारणेची साधने आहेत. आणि १९४७ साली शेजाऱ्याने शेजाऱ्यास मारलेले ज्या देशाने पाहिले, त्या देशातील मनुष्याने तरी ‘हे येथेच व्हायचे’ असे म्हणू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किगालीच्या किचुकिरो भागातील एका तंत्रशाळेत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतील बेल्जियन तुकडीचा तळ होता. सैनिकांच्या आश्रयाने सुमारे २००० लोक तेथे जमले होते. ११ एप्रिल १९९४ रोजी परदेशी माणसांना बाहेर काढून ती तुकडी निघून गेली. मारेकरी दाराशीच होते. आश्रितांना न्यान्झा टेकडीकडे हाकीत नेण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांची कत्तल झाली. दहा दिवसांनी सुरक्षा समितीने तेथील सेना २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. परतीचे तिकीट म्हणजे काय, हे या शहरास शब्दकोशात पाहावे लागत नाही.

कोणी म्हणेल, सैनिकांना आज्ञा होती. त्यांनी काय करावे? हा आक्षेप हलका नाही. परंतु सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियाग्ने यांनाही आज्ञा होती. संयुक्त राष्ट्रांचे हे नि:शस्त्र निरीक्षक आपल्या मोटारीत माणसे दडवून, नाक्यांवर हसत-बोलत, एकामागून एक फेऱ्या करीत राहिले व त्यांनी शेकडो जीव वाचविले. ३१ मे १९९४ रोजी याच शहरातील एका नाक्यावर तोफगोळ्याने त्यांचा अंत झाला. त्यांच्या खिशातही परतीचे तिकीट होते.

असे धैर्य प्रत्येकाकडून मागता येत नाही, आणि सामान्य प्रवाशाच्या जाण्याने आज तेथे कोणाचा घातही होत नाही. म्हणून परत येणे हे पाप नव्हे. परंतु ते ऋणमुक्तही नव्हे. ज्याला राहता येत नाही, त्याने निदान जे पाहिले ते खरे सांगावे. आपल्या दिवाणखान्यात कोणी ‘त्या लोकांचे असेच’ म्हणू लागला, तर ओळखपत्राची गोष्ट त्यास ऐकवावी. हे ऋण परदेशात क्वचितच फिटते. ते घरी आल्यावर फेडावयाचे असते. कारण स्वतःच्या गावात, स्वतःच्या आळीत कोणा शेजाऱ्याचे नाव यादीत घालण्याची भाषा सुरू होते, तेव्हा आपण प्रवासी राहत नाही. तेथून निघून जाण्याचे तिकीट आपणांपाशी नसते. आणि असले, तरी ते वापरण्याचा अधिकार आपणांस नाही.