जागा धरणे आणि जागा विकणे

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत महाराष्ट्रभर आहे, पण बीड जिल्ह्यात तिला जवळजवळ कायद्याचे वजन आहे. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीला जुने स्टेशन आहे, आष्टीपर्यंत 2022 मध्ये गाडी आली होती. पण पिढ्यान्‌पिढ्या बाकी जिल्ह्याचा सगळा प्रवास लाल गाडीने आणि अलीकडे ट्रॅव्हल्सने झाला. दिवाळीच्या आधी पुण्याहून बीड, गेवराई, माजलगावकडे निघालेल्या गाड्या पाहाव्यात. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, उपरणी आत पडतात. मग दाराशी रेटारेटी होते, आणि एवढ्या गर्दीतही आत शिरलेला माणूस दुसऱ्याचा रुमाल उचलून बसत नाही. बसलाच तर आजूबाजूचे चार जण त्याला उठवतात.

या रिवाजात एक अट आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते: ज्याचा रुमाल, त्याने येऊन बसायचे. म्हातारी आई मागून येत असेल, कडेवर लेकरू घेतलेली बायको असेल, तर त्यांच्यासाठी धरलेली जागाही चालते. समजा एखाद्या धडधाकट पोराने चार रुमाल टाकले आणि नंतर चढलेल्यांना त्या चार जागा विकायला काढल्या, तर अख्खी गाडी त्याच्यावर उठते. रुमाल तोच, जागाही तीच. फक्त त्याला बसायचे नव्हते. कार्यक्रमाचे, सामन्याचे, सिनेमाचे तिकीट नफ्यासाठी पुन्हा विकणे योग्य की अयोग्य, या वादाचे उत्तर मला या एका गोष्टीत दिसते.

22 सप्टेंबर 2024 च्या दुपारी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री ‘बुकमायशो’वर सुरू झाली. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी 2025 मध्ये हे कार्यक्रम व्हायचे होते. तिकिटे अडीच हजारांपासून 35 हजारांपर्यंत होती. मागणी इतकी की संकेतस्थळ कोलमडले, रांगेतले क्रमांक लाखांच्या घरात गेले, तिसरा कार्यक्रम वाढवावा लागला. तिकिटे बघता बघता संपली आणि लगेच पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर दिसू लागली. काहींपुढे लाखांचे आकडे होते. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली, सक्तवसुली संचालनालयाने अनेक शहरांत छापे घातले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. असे कायदे करणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या वर्षभर आधी, 15 नोव्हेंबर 2023 च्या वानखेडेवरच्या भारत–न्यूझीलंड उपांत्य सामन्याची तिकिटेही कैकपट दराने विकली जात होती आणि पोलिसांना अटक करावी लागली होती.

परदेशी बँडशी बीडचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. मग क्रिकेटच घेऊ. 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात 96 धावा करून भारताला अंतिम फेरीत नेणारा सचिन धस हा बीडचा. त्याच्या शहरात बॅट घेऊन पळणाऱ्या पोरांना वानखेडेवर एक सामना पाहावासा वाटणे ही काही चैन नाही. त्यासाठी चारशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास, दोन दिवसांची मजुरी बुडवणारा बाप आणि वर्षभर साठवलेले पैसे लागतात. छापील किमतीचे तिकीट या बापाला जेमतेम परवडते. तिप्पट झाले की तो गप्प बसतो. तो आकडेवारीत कुठेच दिसत नाही, कारण तो तक्रार करायलाही येत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला हलकी वाटत नाही. मराठवाड्यात शेतकरी नेते शरद जोशी यांची भाषणे ऐकून घडलेली एक पिढी आहे. शेतमालाला बाजारात जो भाव येईल तो घेण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे, सरकारने भाव पाडू नयेत, निर्यातबंदी लादू नये, हे शेतकरी संघटनेने त्या पिढीला शिकवले. यातलाच एखादा जाणता शेतकरी विचारतो: कांद्याला चढा भाव मिळाला तर तो माझा हक्क म्हणता, मग तिकिटाला चढा भाव मिळाला तर काळाबाजार कसा? मी पैसे मोजून घेतलेली वस्तू कितीला विकायची हे तुम्ही कोण ठरवणार? व्यापारी खेड्यात कापूस घेतो, जिनिंगवर विकतो, मधले पैसे खातो. त्याला आपण गुन्हेगार म्हणत नाही.

या प्रश्नाला ‘लोभ वाईट’ एवढे उत्तर पुरत नाही. संघटनेची मागणी पिकवणाऱ्याच्या बाजूची होती. भाव चढला तर तो घाम गाळणाऱ्याच्या पदरात पडावा, हा तिचा गाभा. तिकिटाच्या पुनर्विक्रीत वाढलेल्या भावातला एक रुपयाही गाणाऱ्याला, खेळणाऱ्याला, नाटकाच्या पडद्यामागच्या माणसाला मिळत नाही. कापसाचा व्यापारी माल उचलतो, वाहतूक करतो, पावसात भिजण्याचा धोका घेतो, गाठीपर्यंत पोहोचवतो. गेवराईचा कापूस गिरणीपर्यंत नेण्याचे काम कुणीतरी करावेच लागते. पुनर्विक्रेता तिकीट कुठेच नेत नाही. ज्या खिडकीवर तुम्ही उभे होता, त्याच खिडकीवर तो तुमच्या पुढे घुसला आणि तिकीट घेऊन तुमच्याकडे वळला. धोका तोही घेतो हे खरे, कार्यक्रम पडला तर त्याच्या हातात रद्दी उरते. पण तो धोका त्याने स्वतःच ओढवून घेतलेला असतो, त्यातून कुणाची सोय होत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत याहून चलाख युक्तिवाद केला जातो: जास्त पैसे मोजायला तयार असलेल्याला तिकीट मिळाले, म्हणजे ज्याला ते सर्वांत जास्त हवे होते त्यालाच मिळाले. हे मला मुळीच पटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचे हजार रुपये आणि पुण्यात मोठ्या पगारावर असलेल्याचे हजार रुपये यांतून दोघांच्या इच्छेची तुलना होत नाही, फक्त खिशांची होते. रात्रभर प्रवास करून आलेला पोरगा आणि शेवटच्या क्षणी ‘चला, जाऊन येऊ’ म्हणणारा माणूस, यांत ओढ कुणाची जास्त हे किमतीवरून कसे कळणार?

शिवाय किंमत कमी ठेवण्यामागे पुष्कळदा जाणूनबुजून केलेला विचार असतो. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात भारतीय बैठकीचे तिकीट खुर्चीपेक्षा बरेच स्वस्त असते, म्हणून तिथे विद्यार्थी येतात, संगीत शिकणारी मुले येतात. ही सवलत कलाकार आणि आयोजक मिळून श्रोत्याला देतात. आयोजकाने स्वतःच भाव वाढवला तर ऐकणारे चिडतील, भांडतील, कदाचित पाठ फिरवतील. 2024 मध्ये ओएसिस बँडच्या तिकिटांचे दर विक्री सुरू असतानाच चढले तेव्हा ब्रिटनमध्ये तेच झाले. तरी तिथे जबाबदार कोण ते दिसते आणि जाब विचारता येतो. पुनर्विक्रेता मात्र श्रोत्यासाठी सोडलेली सवलत मध्येच अडवून आपल्या खिशात घालतो, आणि शिव्या खातो तो कलाकार.

इथे बसस्थानकावरचा हमाल आठवतो. दहा-वीस रुपये घेऊन तो तुमच्यासाठी जागा धरतो. तोही जागा विकतोच की! मला तो वेगळा वाटतो. तुम्ही सामान घेऊन धावू शकत नाही, तो धावतो, आणि धावण्याचे पैसे घेतो. एका प्रवाशासाठी एक जागा. पण दिवाळीच्या आदल्या रात्री त्याने दहा जागा अडवून ठेवल्या आणि लेकराला घेऊन रडकुंडीला आलेल्या बाईकडे पाचशे मागितले, तर त्यानेही ती रेषा ओलांडली. माझ्या मते कसोटी हीच. पैसा माणसाच्या श्रमाचा आहे, की आधी स्वतःच अडवून निर्माण केलेल्या अडचणीचा? उलट, ज्याचे आजारपण निघाले किंवा घरात दुःखद घटना घडली, त्याने तिकीट दुसऱ्याला दिले आणि आपले पैसे, हवे तर बुडालेले गाडीभाडेही वसूल केले, तर त्यात काहीही गैर नाही. विकण्यात दोष नसतो, बसायचे नसताना अडवण्यात असतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मूळ किमतीवर दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मला ही मोजपट्टी शहाणपणाची वाटते.

कायदा कोणाला पकडतो हेही पाहिले पाहिजे. एकपडदा टॉकीजच्या काळात तालुक्याच्या गावी ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागला की बाहेर पोरे फिरायची. तोंडातल्या तोंडात ‘दस का बीस, दस का बीस’ पुटपुटायची. पोलीस आले की कानफटात खायची ती हीच पोरे. आठ-दहा तिकिटांचा गठ्ठा त्यांच्या हातात यायचा कुठून? खिडकी उघडायच्या आधी आतूनच यायचा. पोराला तिकिटामागे रुपया-दोन रुपये सुटायचे, बाकी आत जायचे. आज त्या पोराच्या जागी संगणक आज्ञावली आली. ती एका क्षणात शेकडो खाती चालवते, आणि वरचे लोक तसेच पडद्याआड राहतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये ‘किरकोळ संघटित गुन्हा’ असा एक प्रकार आहे. टोळीने केलेली चोरी, फसवणूक, जुगार, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची विक्री यांच्या पंगतीत तिथे तिकिटांची अनधिकृत विक्रीही बसवली आहे. शिक्षा एक ते सात वर्षे. प्रश्नपत्रिका विकणाऱ्याबरोबर तिकीट विकणाऱ्याचे नाव यावे हे मला योग्य वाटते, कारण दोघेही दुसऱ्याच्या कष्टाने लागलेला नंबर विकतात. मात्र हे कलम टोळीवर रोखलेले आहे, आणि भीती अशी की त्याखाली पुन्हा फाटकाबाहेरचा पोरगाच सापडेल. रेल्वेकडे 1989 च्या कायद्याचे कलम 143 आधीपासून आहे. अधिकार नसताना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑनलाइन तिकिटांनाही ते लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. बर्थसाठी देश एवढा काटेकोर आहे. कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी तसा सरळ, स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जपानमध्ये तो 2019 पासून लागू आहे, आयर्लंडने 2021 मध्ये केला.

पण नुसत्या शिक्षेने हे सुटणार नाही. ज्याने तिकीट घेतले आणि ज्याला जमत नाही, त्याला ते मूळ किमतीत परत करण्याची सोय आयोजक का देत नाहीत? ‘विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही’ असे छापून ते प्रामाणिक माणसालाच दलालाच्या दारात ढकलतात. कोल्डप्लेने त्याच दौऱ्यात दोन-दोन हजारांची काही तिकिटे काढली. ती जोडीनेच घ्यायची, एका माणसाला दोनच, आणि जागा कोणती ते तिकीटखिडकीवर ती उचलताना कळणार. ज्याला ऐकायचे आहे त्याला ही अट जाचत नाही. ज्याला विकायचे आहे त्याच्या ती कामाची नसते. म्हणजे करायचे म्हटले तर करता येते.

आणि मागणी खरीच मोठी असेल तर जागा वाढवता येतात. 2016 मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने गर्दी खेचली तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मध्यरात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावला गेला. पिक्चर बघायला आसपासच्या गावांतून माणसे आली. तिकिटाचा भाव चढवण्याऐवजी कुणीतरी झोप मोडून प्रोजेक्टर चालवला, गेटवर उभे राहिले, पुन्हा झाडलोट केली. टंचाईला दिलेले याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. स्टेडियमला तीन वाजताचा खेळ लावता येत नाही हे मान्य, पण नाटकाचा दुसरा प्रयोग, गाण्याची दुसरी बैठक बहुतेक ठिकाणी शक्य असते.

राहिले पासाचे. ज्याविषयी बोलणे सगळे टाळतात ते हेच. जिल्ह्याच्या ठिकाणी नाटक किंवा वाद्यवृंद आला की पुढच्या रांगा आधीच संपलेल्या असतात. अधिकारी, पुढारी, वर्गणी देणारे, त्यांचे नातेवाईक. यांतल्या कितीतरी खुर्च्या पहिल्या अंकात रिकाम्या राहतात, आणि मागे मात्र हाउसफुल्ल. क्रिकेटमध्ये हाच आकडा हजारांत जातो. जेवढी तिकिटे मुळात विक्रीला येतच नाहीत, तेवढी उरलेल्यांची टंचाई वाढते आणि दलालाचे फावते. पुढे वाटलेले पासही बाजारात येतात. फुकटचा पास विकला तर मिळेल तो सगळा नफाच.

म्हणून विधिमंडळ हा कायदा करायला बसेल तेव्हा दलालाच्या कलमाआधी एक कलम आयोजकासाठी हवे. एकूण जागा किती, पास किती वाटले, खिडकीवर किती आल्या आणि ऑनलाइन किती, हे चार आकडे विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नाट्यगृहाच्या, स्टेडियमच्या दारावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावले पाहिजेत. पास घेणारा पहिल्या घंटेपर्यंत आला नाही तर त्याची खुर्ची बाहेर थांबलेल्याला छापील दराने मिळावी. शेवटच्या घंटेपर्यंत ताटकळणारे लोक दर प्रयोगाला असतात.