खरी आदरांजली कोणती?



थोर पुरुष गेला की लोक शोक करतात. हार वाहतात, मेणबत्त्या लावतात, दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमतात. हे सारे बौद्धाने करावे काय, असे धम्मात नव्याने आलेली कुटुंबे विचारतात. याचे उत्तर तथागतांच्या अखेरच्या दिवसात सापडते.

कुशिनारा येथे शालवृक्षांखाली तथागत अखेरच्या शय्येवर पहुडले होते. अवेळी फुललेली शालाची फुले त्यांच्या देहावर पडत होती. तेव्हा ते आनंदाला म्हणाले की, एवढ्याने तथागताचा सन्मान होत नाही. जे भिक्षू-भिक्षुणी, उपासक-उपासिका धम्माप्रमाणे वागतात, तेच तथागताची श्रेष्ठ पूजा करतात.

पुढे आनंद दाराला टेकून रडू लागला. आपण अजून शिकतोच आहोत आणि शास्ता तर निघाले, हे त्याचे दुःख होते. तथागत त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावले, अनित्यता समजावली आणि त्याच्या सेवेची स्तुती केली. तेव्हा रडण्यात कमीपणा नाही. मात्र अश्रू पुसल्यावर माणूस काय करतो, यावर सारे अवलंबून आहे.

परिनिर्वाणानंतर मल्लांनी गंध, माला, गीत-वाद्यांनी त्या देहाचा सन्मान केला. पण पुढे अस्थींसाठी राजे आणि गणराज्ये हमरीतुमरीवर आली! अखेर द्रोण ब्राह्मणाने आठ वाटे करून तंटा मिटविला. आचरणावाचूनची भक्ती अशी भांडणावर येते.

आता आपल्या काळाकडे पाहा. नागपूरच्या दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत लाखो लोक पोरके होऊन रस्त्यावर उतरले. दादरच्या चौपाटीवर, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. डोळ्यांत पाणी आणि मुखी त्रिशरण! आमच्या लोकांनी त्या दिवशी शोकाची प्रतिज्ञा केली. जगात असा अंत्यविधी क्वचितच झाला असेल.

आज आपण ६ डिसेंबरला भाकरी बांधून चैत्यभूमीला जातो, तासन्‌तास रांगेत उभे राहतो. अवश्य जावे. पण परत आल्यावर घरात काय चालते? बाप वारला की कावळा शिवण्याची वाट पाहायची, पिंड ठेवायचा, तेराव्यासाठी सावकाराचे कर्ज काढायचे, आणि वर जयभीम म्हणायचे! श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आपण घेतली आहे. बाबासाहेबांच्या फोटोपुढे नारळ फोडून नवस बोलणे हेही त्याच जुन्या वाटेने परत जाणे होय.

घरी मृत्यू झाला तर त्रिशरण-पंचशील घ्या, परित्राणपाठ ठेवा, गेलेल्याचे सद्गुण मुलांना सांगा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ऐपतीप्रमाणे दान द्या. गरीब मुलाच्या वह्या-पुस्तकांना दिले तरी ते दानच आहे. चैत्यभूमीहून येताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आणा. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली तो मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. छापलेला ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो आपण वाचला नाही तर वाचायचा कोणी? रोज रात्री एक पान मोठ्याने वाचा, न वाचता येणाऱ्या आईला ऐकवा.

हार संध्याकाळपर्यंत सुकतो. घरात पाळलेले शील वर्षभर टिकते. तीच आदरांजली बाबासाहेबांना पोचेल.

भवतु सब्ब मंगलं.